गॅरेज भरलंय, आता त्याला बंदूक हवीय

पत्र:

"ताई, आम्ही ऑस्टिनच्या उत्तरेला राहतो. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, मी त्याच्यावर अवलंबून म्हणून एच-फोरवर, ग्रीन कार्डची फाइल कित्येक वर्षं रांगेत पडून आहे. 2021 च्या फेब्रुवारीतल्या थंडीत आमच्याकडे तीन दिवस वीज नव्हती, पाठोपाठ पाणीही गेलं. तेव्हापासून हा पार बदललाय. गॅरेजमध्ये आता गाडी मावत नाही. पंचवीस वर्षं टिकणाऱ्या अन्नाच्या बादल्या, जनरेटर, दाराशी दोन 'बग-आउट बॅगा', म्हणजे वेळ आली की उचलून पळायच्या. रात्री उशिरापर्यंत प्रेपर, म्हणजे संकटाची आधीच तयारी करून बसणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघत बसतो. म्हणतो, 'सरकार वेळेला येत नाही, पोलीस येत नाहीत, ज्याचं त्यानं बघायचं.' ऑफिसातल्या मित्राबरोबर शनिवारी शूटिंग रेंजवर जायला लागलाय. आता त्याला ए-आर-फिफ्टीन रायफल घ्यायची आहे आणि पश्चिम टेक्ससमध्ये दोन एकर जमीन. मुलगा चौदा वर्षांचा आहे, त्याला हे सगळं फार भारी वाटतं. सासूबाई दिवाळीनंतर सहा महिने आमच्याकडे असतात, त्यांना इन्सुलिन चालू आहे. मी काही बोलले की दोन-दोन दिवस अबोला. हा वेडा झालाय की मलाच काही दिसत नाहीये?"

उत्तर:

तुझा नवरा वेडा झालेला नाही. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण याचं उत्तर मिळाल्याशिवाय तुझं पुढच्या मजकुरात लक्ष लागणार नाही.

त्या फेब्रुवारीत टेक्ससमधल्या 45 लाखांहून जास्त घरांची आणि दुकानांची वीज गेली होती. राज्याचं वीजजाळं सांभाळणाऱ्या एरकॉटच्या प्रमुखांनीच नंतर सांगितलं की अख्खं जाळं बसायला फक्त 4 मिनिटं 37 सेकंद उरली होती. ते बसलं असतं तर पुन्हा उभं करायला कित्येक आठवडे गेले असते. ज्या माणसानं आपल्या पोराला तीन रात्री पांघरुणांच्या ढिगात झोपवलंय, त्यानं त्यानंतर गॅरेज भरायला घेतलं म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. तहान लागल्यावर विहीर खणायला निघणाऱ्यांपेक्षा तो शहाणा आहे. आपत्तीच्या वेळी मदत पोचवणारी फेमा ही सरकारी संस्थाही लोकांना हेच सांगते: काही दिवसांचं अन्न, माणशी रोज एक गॅलन (साधारण पावणेचार लिटर) पाणी, औषधं, बॅटऱ्या घरात ठेवा, आम्हाला यायला वेळ लागू शकतो. तेव्हा साठा करण्यावरून त्याच्याशी भांडू नकोस. तिथे तो बरोबर आहे.

त्याच्या राजकारणालाही एकदम उडवून लावू नकोस. तू लिहितेस त्यावरून तो ज्यांचं ऐकतो ती मंडळी लिबर्टेरियन विचारांची दिसतात. त्यांचं म्हणणं असं की माणसाचा जीव, त्याची मालमत्ता आणि त्याचा निर्णय हे त्याचे स्वतःचे. सरकारनं चोर-लुटारू आणि परकीय हल्ला यांपासून राखण करावी, त्यापलीकडे घरात शिरू नये. जो माणूस भाकरीसाठी आणि सुरक्षेसाठी सरकारच्या तोंडाकडे बघतो, त्याला सरकार उद्या काहीही करायला लावू शकतं. म्हणून स्वतःचं रक्षण स्वतः करण्याचा हक्क त्यांना इतर सगळ्या हक्कांचं मूळ वाटतो. अमेरिकेच्या घटनेतली 1791 ची दुसरी दुरुस्ती, म्हणजे शस्त्र बाळगण्याचा हक्क, त्यांना प्राणप्रिय आहे ती यामुळे, आणि 2008 च्या हेलर खटल्यात सुप्रीम कोर्टानं हा हक्क व्यक्तीचा आहे असं स्पष्ट सांगितलं.

यातलं काही हवेतलं नाही. 2005 मध्ये कोलोरॅडोतल्या कॅसल रॉक गावाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं निर्णय दिला की कोर्टाचा मनाई हुकूम हातात असला, तरी पोलिसांनी तो बजावलाच पाहिजे असा घटनात्मक हक्क तुम्हाला नाही. त्याच वर्षी कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये पोलिसांनी रहिवाशांच्या कायदेशीर बंदुका काढून घेतल्या, तेही शहरात कायद्याचा पत्ता नसताना. इतका गदारोळ झाला की आपत्तीच्या काळात अशी जप्ती करायची नाही, असा कायदा काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, 2006 मध्ये करावा लागला. तुझा नवरा "पोलीस येत नाहीत" म्हणतो तेव्हा त्याच्या मागे हा सगळा इतिहास असतो. तो तुला माहीत असू दे. मग तो बोलत असताना तू नुसती मान फिरवणार नाहीस.

मात्र टेक्ससच्या थंडीची गोष्ट हे व्हिडिओवाले अर्धीच सांगतात. टेक्ससनं आपलं वीजजाळं बहुतांशी राज्याच्या हद्दीतच ठेवलं, म्हणजे वॉशिंग्टनच्या नियामकांचा हात तिथवर पोचू नये. 2011 च्या फेब्रुवारीतही अशीच थंडी पडली होती, वीज गेली होती, आणि केंद्रीय नियामकांनी लिहून दिलं होतं की वीजकेंद्रं आणि गॅसच्या विहिरी थंडीसाठी सज्ज करा. सक्ती कुणी केली नाही. दहा वर्षांनी त्याच विहिरी गोठल्या. गॅस दाबून पुढे ढकलणारे काही कॉम्प्रेसर विजेवर चालायचे, त्यांचीच वीज तोडली गेली, मग वीजकेंद्रांना गॅस मिळेना. अल पासो शहर मात्र टेक्ससमध्ये असूनही पश्चिमेकडच्या जाळ्याला जोडलेलं आहे, आणि त्यांनी 2011 नंतर खर्च करून यंत्रणा थंडीला तयार केली होती. तिथले दिवे जवळपास शाबूत राहिले. त्या आठवड्यात सरकार कमी पडलं हे खरं. ज्याच्यावर कुणाचा अंकुश नव्हता तो धंदाही तितकाच कमी पडला. हा मुद्दा त्याच्यासमोर ठेव. तो इंजिनियर आहे, कॉम्प्रेसरची गोष्ट त्याला लगेच कळेल.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते लिहिते. टेक्ससच्या आरोग्य खात्यानं त्या थंडीतल्या मृत्यूंची नोंद केली आहे. एकूण 246 माणसं. त्यांतली 161 थंडीनं गेली. 25 जणांचा आधीचा आजार बळावला, 22 जण रस्त्यावरच्या अपघातांत गेले, 19 जण कार्बन मोनॉक्साइडनं, 10 आगीत, 9 पडून. ही यादी कागदावर लिहून फ्रिजवर लाव. गावात लुटारूंच्या टोळ्या फिरतील आणि आपण दारात बंदूक घेऊन उभे राहू, या कल्पनेवर त्या व्हिडिओंचा अर्धा धंदा चालतो. या यादीत त्या टोळ्या कुठेच नाहीत. ऑस्टिनजवळच्या लिअँडरमध्ये तर एच-ई-बी दुकानाची वीज गेली तेव्हा रांगेतल्या लोकांना पैसे न घेता सामानासकट घरी जाऊ दिलं. तुमच्यापासून ते गाव लांब नाही.

बंदुकीबद्दल. इथे मी मवाळ बोलणार नाही.

एच-वन-बी हा कायद्याच्या भाषेत नॉन-इमिग्रंट व्हिसा आहे, तुझा एच-फोरही तसाच. 1968 पासून चालत आलेल्या केंद्रीय शस्त्र कायद्यानुसार अशा व्हिसावरच्या माणसानं बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. टेक्ससमध्ये 2021 च्या सप्टेंबरपासून परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं, हे तुझ्या नवऱ्यानं ऐकलं असेल. तो राज्याचा कायदा, आणि ज्याला केंद्रीय कायद्यानं मुळात बंदीच आहे त्याला त्याचा काही उपयोग नाही. मित्रानं त्याला अपवादही सांगितला असेल: शिकारीचा परवाना काढला की झालं. अपवाद खरा आहे. आपल्यातले बरेच जण तो वापरतात. पण टेक्ससचे शिकारीचे परवाने साधारणपणे 31 ऑगस्टला संपतात. 1 सप्टेंबरला सकाळी परवान्याचं नूतनीकरण झालेलं नसेल आणि बंदूक कपाटात असेल, तर तुझा नवरा झोपेतून उठायच्या आत गुन्हेगार झालेला असतो. परवाना त्याचा एकट्याचा असेल आणि बंदूक तुझ्याही हाती लागेल अशी ठेवलेली असेल, तर तुझ्याबद्दलही प्रश्न निघू शकतो. या कलमाखाली 15 वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, आणि दोषी ठरलं की हद्दपारीचं कारण तयार. इतकी वर्षं रांगेत काढलेली ग्रीन कार्डची फाइल तिथेच संपते.

शूटिंग रेंजही यातून सुटत नाही. भाड्याची बंदूक तासभर हातात धरणं हेही कायद्याला जवळ बाळगणंच वाटतं. फ्लोरिडात स्टुडंट व्हिसावर आलेल्या, पण कॉलेज सुटल्यामुळे इथे राहण्याचा हक्क संपलेल्या एका तरुणावर रेंजवरच्या नेमबाजीवरूनच खटला झाला. तो थेट सुप्रीम कोर्टात गेला. 2019 मध्ये कोर्टानं सांगितलं की आपला दर्जा काय आहे हे आरोपीला माहीत होतं, हेही सरकारनं सिद्ध करायला हवं. तुझ्या नवऱ्याला त्याचा दर्जा पक्का माहीत आहे. तेव्हा शनिवारची रेंज आधी बंद. मग इमिग्रेशन आणि फौजदारी दोन्ही जाणणाऱ्या वकिलाची वेळ घ्या आणि दोघं मिळून जा. मित्राच्या सांगण्यावर या बाबतीत एक पाऊलही टाकू नका.

कायद्याची अडचण नसती, तरी मी तुला चौदा वर्षांच्या मुलाबद्दल विचारलं असतं. 2021 मध्ये अमेरिकेत बंदुकीनं 48,830 माणसं मेली, त्यांतल्या 26,328 आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. पौगंडातल्या मुलाच्या मनात एखाद्या संध्याकाळी काय येतं ते आई-बापाला दुसऱ्या दिवशीही कळत नाही. बाकीच्या बहुतेक मार्गांत वाचायला थोडी जागा असते, बंदुकीत जवळपास नसते. उद्या ग्रीन कार्ड आलं आणि त्याला तेव्हाही बंदूक हवी असेल, तर तो त्याचा हक्क असेल आणि मी त्याच्या आड येणार नाही. पण तेव्हा पोलादी तिजोरी, काडतुसं वेगळ्या कुलपात, रीतसर प्रशिक्षण, आणि मुलाला किल्लीचा ठावठिकाणा नाही, एवढं झाल्याशिवाय ती उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नकोस. आणि तोवरही एक कर: मुलगा ज्या मित्रांकडे राहायला जातो, त्यांच्या आईला सरळ विचार, घरात बंदूक आहे का आणि कुलपात आहे का. टेक्ससमध्ये या प्रश्नाचा कुणाला राग येत नाही.

पत्र वाचताना मला सारखं एक वाटत राहिलं. वीज गेली म्हणून माणूस एवढा बदलत नाही. तो अनेक वर्षं या देशात कर भरतोय, घराचे हप्ते फेडतोय, आणि उद्या नोकरी गेली तर दुसरी शोधायला त्याच्या हातात जास्तीत जास्त 60 दिवस आहेत. नाहीतर घर, शाळा, सगळं गुंडाळायचं. त्याची ही भीती रोजची आहे आणि तिच्यावर बोलायला जागा नाही. ऑफिसात बोलता येत नाही, आईला सांगून उपयोग नाही, आणि तुझ्याशी बोलायचं तर तूही त्याच बोटीत. बादल्या विकत घेता येतात. त्या मोजता येतात. मला वाटतं तो गॅरेजमध्ये ते करतोय. तसं असेल तर त्या 60 दिवसांची तयारी ही तुमच्या घराची पहिली तयारी आहे: सहा महिन्यांचा खर्च बँकेत, सगळ्यांचे पासपोर्ट चालू, आय-140 च्या (कंपनीनं ग्रीन कार्डसाठी केलेल्या अर्जाच्या) मंजुरीची प्रत आणि पगाराच्या पावत्या एका फाइलमध्ये, आणि परत जावं लागलं तर पहिले तीन महिने कुठे राहायचं, याचं एकमेकांना माहीत असलेलं उत्तर. पश्चिम टेक्ससच्या जमिनीचे पैसे इकडे वळव. तसंही ती जमीन अशा वेळी कामाची नाही. त्याच थंडीत 11 फेब्रुवारीला फोर्ट वर्थला बर्फाळलेल्या हायवेवर 133 गाड्या एकमेकांवर आदळल्या आणि सहा माणसं गेली. ज्या दिवशी घर सोडून पळावंसं वाटतं, नेमका त्याच दिवशी रस्ता सगळ्यात वाईट असतो. तुमची तयारी घरात बसून राहण्याची हवी.

ती कशी, ते सांगते. जनरेटर घरापासून किमान 20 फूट लांब, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला. गॅरेजमध्ये कधीच चालवायचा नाही, दार सताड उघडं ठेवूनही नाही. कोळशाची शेगडी आणि कॅम्पिंगचा स्टोव्हही बाहेरच. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपण्याच्या प्रत्येक खोलीजवळ लावा. वर सांगितलेल्या यादीतले 19 जण मला विसरता येत नाहीत.

सासूबाईंचं इन्सुलिन हा माझ्या दृष्टीनं त्या गॅरेजमधला सगळ्यात मोठा राहून गेलेला भाग आहे. वीज गेली की लोक ते गार कसं ठेवायचं याचा विचार करतात. थंडीत संकट उलटं असतं. इन्सुलिन एकदा गोठलं की वाया गेलं, नंतर वितळलं तरी वापरायचं नाही. घर गारठलं तर त्या बाटल्या लोकरीच्या मोज्यात घालून सासूबाईंच्या स्वेटरच्या आतल्या खिशात. उन्हाळ्यात वीज गेली, जशी 2024 च्या जुलैत बेरिल वादळानं ह्यूस्टनकडे वीस लाखांहून जास्त ग्राहकांची गेली, तर बर्फाच्या पेटीत, पण बर्फाला न टेकवता. उघडलेली बाटली साध्या तापमानाला साधारण 28 दिवस चालते. नेमकं किती ते त्यांच्या औषधाच्या कागदावर बघ. भारतातून निघतानाच एक महिन्याचं जास्तीचं इन्सुलिन डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणायला सांग.

पाणी: चौघांना दोन आठवडे म्हणजे 56 गॅलन. शिवाय गीझरच्या टाकीत बरंच पाणी असतं. आधी त्याचा गॅस किंवा वीज बंद करायची, वरून येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा, मग खालच्या तोटीतून काढायचं. घराच्या पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो फिरतो का, हे या रविवारी मुलाला बघायला लाव. पाइप फुटल्यावर अंधारात तो शोधायची वेळ कुणावर येऊ नये.

अन्नाबद्दल एवढंच, की पंचवीस वर्षं टिकणारा मॅकरोनीचा भुगा तुमच्या घरात कुणी खाणार नाही. तांदूळ, तूरडाळ, मूगडाळ, पोहे, गूळ, मीठ घ्या. तांदूळ आणि डाळी मायलरच्या (चकचकीत, जाड प्लास्टिकच्या) पिशवीत ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या टाकून बंद केल्या की वर्षानुवर्षं राहतात. शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं, कणीक यांना तेल असतं, ते खवट होतात, तेवढे थोडेच ठेवा आणि वापरत राहा. कुकर आहेच, त्यानं इंधन वाचतं. आपल्या कोकणात मे महिन्यात आगोटीची तयारी व्हायची: कणगीत भात, सुकी मासळी, मीठ, कोकम, पडवीत लाकडं. पावसात वाट बंद झाली तरी घर चालायचं. आणि त्या साठ्यातून शेजारच्या बाळंतिणीच्या घरी गरम भात जायचा, त्याला कुणी दान म्हणत नव्हतं.

हे शेजाऱ्यांचं तुझ्या नवऱ्याच्या डोक्यात अजून आलेलं दिसत नाही. माझ्या समोरच्या घरी एक निवृत्त गृहस्थ राहतात. दारावर पिवळा झेंडा, वेटोळं घातलेल्या सापाचा, "मला पायदळी तुडवू नका" असा. बंदुका किती असतील देव जाणे. त्या थंडीत दुसऱ्या दिवशी मी टॉयलेटमध्ये ओतायला अंगणातला बर्फ बादलीत भरत होते. बादलीभर बर्फाचं वितळून तांब्या-दोन तांबे पाणी निघतं, त्यामुळे माझ्या खेपा संपत नव्हत्या. ते बघत होते. थोड्या वेळानं प्रोपेनचा स्टोव्ह आणि पाण्याचे दोन कॅन दारात ठेवून गेले, आणि गल्लीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचं दार वाजवून आले. सरकारवर विश्वास नसलेला माणूस कसा जगतो ते मी तेव्हा पाहिलं, आणि मला ते आवडलं. तुझ्या नवऱ्याला स्वावलंबनच शिकायचं असेल तर अशा माणसाशी ओळख करून घेऊ दे. तुमच्या गल्लीत ऑक्सिजनवर कोण आहे, कुणाकडे गॅसची शेकोटी आहे, कुणाकडे तान्हं बाळ आहे, हे त्याला आज सांगता येईल का? विचार त्याला.

आणि शनिवार मोकळे झाले की तिथे काहीतरी द्यावं लागेल, नाहीतर पुन्हा व्हिडिओ. फेमाच्या कार्यक्रमातून गावोगाव 'सर्ट' नावाचं मोफत प्रशिक्षण चालतं: प्रथमोपचार, आग विझवणं, पडक्या घरातून माणूस काढणं. तुमच्या काउंटीत कधी आहे ते बघ. दुसरं हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा बिनतारी संदेशांचा रेडिओ. त्याच्या परवान्याला नागरिकत्व लागत नाही, वयाची अट नाही, मोर्स कोडची अट 2007 मध्येच गेली. पहिल्या पायरीची परीक्षा 35 प्रश्नांची, 26 बरोबर आले की पास. मोबाइलचे टॉवर बंद पडले की हीच माणसं निरोप पोचवतात. बाप आणि मुलगा दोघं एकदमच बसू शकतात.

बोलताना मात्र बंदुकीपासून सुरुवात करू नकोस. आधी त्याला गॅरेजमध्ये घेऊन जा आणि म्हण, "तू हे केलंस ते बरं केलंस, आता मलाही यात घे." 56 गॅलन आणि इन्सुलिनपासून सुरुवात कर. वकिलाची वेळ घेतल्याचं त्याच संध्याकाळी सांग, लपवून ठेवू नकोस. त्यावर तो चिडला आणि दोन दिवस बोलला नाही, तरी ती वेळ रद्द करू नकोस. गरज पडली तर एकटी जा.